मामीचा आवाज

एका मुलीनं स्वतःला सावरण्यासाठी काढलेला आवाज मी तिला न विचारता रेकॉर्ड केला आणि भुताचा आवाज म्हणून सिनेमात घातला. पुढे तिनं तो ओळखला, तेव्हा चारचौघांत मी तिलाच खोटं पाडलं. संपादकांनी माझ्याकडे ‘पडद्यामागच्या गमतीजमती’ मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या येतीलच. पण हे आधी सांगितलं नाही तर नेहमीसारखा मी सगळं गोड आवाजात सांगत राहीन आणि तुम्हीही हसत वाचाल.

मी चेन्नईत गर्दी बनवतो. म्हणजे गर्दीचा आवाज. तुम्ही सिनेमात लग्नाचा मांडव पाहता; मागे शे-दोनशे माणसं बोलत असतात, कुणी हाका मारतं, कुणाचं मूल किरकिरतं. ती माणसं खरी असतात, त्यांचा आवाज खरा नसतो. चित्रीकरणाच्या वेळी जनरेटर धडधडत असतो, दिग्दर्शक ओरडत असतो, म्हणून मागच्या माणसांना नुसते ओठ हलवायला सांगतात. मग ते चित्र आमच्याकडे येतं. सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कम भागात, एका गल्लीत, जिना उतरून गेलं की आमची खोली. भिंतींना जाड कापड, खिडकी एकही नाही. दार लागलं की बाहेरच्या रणरणत्या दुपारचा मागमूस राहत नाही. समोर पडद्यावर दोनशे माणसं तोंडं उघडतायत, मिटतायत, आणि आवाज अजिबात नाही. नवखा माणूस ते पाहून पहिल्यांदा जरा मागे सरकतो. मी कधी सरकलो नाही. मला माणसं नेहमी तशीच दिसत आली होती.

आम्ही पाच-सहा जण माइकसमोर उभे राहून कुजबुजतो, बडबडतो, हसतो. ते रेकॉर्ड होतं. मग तेच हेडफोनमधून ऐकत, जागा बदलून, त्यावर दुसरा थर चढवायचा. मग माइककडे पाठ करून तिसरा, कोपऱ्यात जाऊन चौथा. असं करत मांडव भरतो. नियम थोडेच आहेत. पूर्ण वाक्य बोलायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, एकही शब्द प्रेक्षकाला ओळखू येता कामा नये. पण बोलायचं मात्र कुणाशी तरी; नाहीतर ती गर्दी होत नाही, गोंगाट होतो. आणि कानात आपलाच मघाचा आवाज येत असतो, त्याला उत्तर द्यायचं नाही. हे सगळ्यांत अवघड. आपलाच आवाज डाव्या कानात काहीतरी विचारतो, आणि आपण हे कधी विचारलं ते आठवत नसतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका दिग्दर्शकानं लग्नाची गर्दी तीनदा परत पाठवली. शेवटी स्वतः आला आणि म्हणाला, “सार, तुमची माणसं भुकेली वाटतायत. मला जेवण झालेली गर्दी हवी.” खरंच होतं ते, आम्ही जेवायला जायचे थांबलो होतो. केळीच्या पानावर जेवून आलो आणि पुन्हा केली. आमच्या पद्मा अक्कांनी मधे एक तृप्त ‘अप्पाडा’ सोडला, तो त्याला इतका आवडला की ट्रेलरमध्ये घेतला. दुसऱ्या एकाला मेलेल्यांची गर्दी हवी होती. नदीकाठी पितर जमलेत, असा देखावा. आम्ही शब्द श्वास बाहेर टाकताना न बोलता आत ओढताना बोललो. करून पाहा, घरी कुणी नसताना. पहिला थर झाल्यावर आमचा साउंड इंजिनीअर सेल्वम काचेपलीकडून म्हणाला, “सार, एक जण जास्त ऐकू येतोय.” तो थट्टा करत होता, तसा तो नेहमीच करतो. तरी त्या दिवशी चहाला जाताना आम्ही सगळे जिन्यात जरा घाईनंच चढलो.

मी ह्या धंद्यात चांगला ठरलो याचं कारण मला फार उशिरा कळलं. मी लहानपणापासून हेच करत होतो. लोक कुठे हसतात, हसण्याआधी मान कशी मागे नेतात, बोलणं संपत आलं की आवाज कसा खाली येतो, हे सगळं मी पाठ केलेलं होतं. अर्थ मागाहून लागायचा, कधी लागायचाही नाही. आम्ही तंजावरी मराठी, आता तीन पिढ्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला. ही मराठी मी पुस्तकं आणि दिवाळी अंक वाचून शिकलो. महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या मंडळींत माझं बोलणं नाटकातलं वाटतं, आणि घरी नातेवाइकांत पुस्तकी. पण भाषा हा बहाणा झाला. मी तमिळ बोलणाऱ्यांतही तसाच असतो.

एकदा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात मी एक प्रयोग केला. मांबलमच्या हॉलमध्ये सगळे घोळके करून उभे होते. मी दमलो होतो, शब्द सुचत नव्हते. म्हणून मी धंद्यातली कुजबूज सुरू केली. नुसता चढउतार, शब्द नाहीत. योग्य जागी ‘अय्यो’, योग्य जागी हसू. ह्या घोळक्यातून त्या घोळक्यात गेलो. सबंध संध्याकाळ एकही खरा शब्द बोललो नाही. निघताना आत्यानं माझा हात धरला. म्हणाली, “केवढं बोललास रे आज! अस्क्यांस बरं वाटलं बघ.” आमच्या मराठीत अस्के म्हणजे सगळे.

मी तेव्हा हसलो. घरी परतताना मात्र एक विचार आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मला कुणी पकडलं नाही, याचा अर्थ समोरचेही तेच करत असतील का? त्यानंतर कुठल्याही जमावात मी लोकांच्या ओठांकडे पाहायला लागलो. कधीकधी, बराच वेळ पाहिलं की, एकही शब्द ऐकू येईनासा व्हायचा.

वसुधा आमच्याकडे आली ती अशा काळात. वडील चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात, मूळचे साताऱ्याकडचे. ती तिथल्या क्वार्टर्समध्येच वाढलेली. आवाजाच्या चाचणीत तिनं एकटीनं चार निराळ्या बायका उभ्या केल्या. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, आधी तमिळमध्ये आणि मग माझ्याकडे वळून मराठीत: “मला ऑटिझम आहे. चेहऱ्यावरून मला पटकन कळत नाही, तेव्हा जे असेल ते बोलून सांगा. गोंगाट फार झाला तर मी बाहेर जाईन. रागावले असं समजू नका.”

सेल्वम लहान मुलींना म्हणतात तसं ‘पापा’ म्हणून म्हणाला, “पापा, इथे गोंगाटाचंच काम आहे.”

“माहीत आहे. तो मी स्वतः करते, तो चालतो. दुसऱ्यांचा अंगावर येतो.”

सगळे हसले. मीही हसलो. वसुधा माझ्याकडे बघत राहिली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, “सर, तुम्ही हसायच्या आधी श्वास घेता. बाकी कुणी घेत नाही. तुम्ही ठरवून हसता का?”

पुन्हा हशा झाला. मीही पुन्हा हसलो आणि ह्या खेपेला तो श्वास मला स्वतःला ऐकू आला. तिच्या मनात काही नव्हतं. तिला ऐकू आलं, तिनं विचारलं. पण त्या दिवसापासून मी तिला भिऊ लागलो. चाळीस वर्षं कुणाला न दिसलेली गोष्ट एका मुलीला पहिल्या तासात ऐकू आली होती.

चहाला आम्ही गल्लीच्या तोंडाशी टपरीवर गोल करून उभे राहायचो. वसुधा त्या गोलाबाहेर, पायरीपाशी. आत कुठून शिरायचं हे तिला कळत नसे. मला माहीत होतं. मीच ते एके काळी शोधून काढलं होतं. दोन ग्लास घ्यायचे, एक कुणाला तरी द्यायचा, तो घ्यायला वळला की जागा होते, त्या जागेत उभं राहायचं. इतकं सोपं. मी तिला ते कधीच सांगितलं नाही. ती पायरीपाशी होती तोवर बाहेरचं कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते मी नव्हतो.

मग तो दिवस आला. देवळाच्या रथोत्सवातल्या चेंगराचेंगरीचं दृश्य होतं. थरावर थर चढवत गेलो, हेडफोनमध्ये किंकाळ्या साचत गेल्या. वसुधा म्हणाली, “सर, कानातला आवाज कमी करा. मला आता सहन होत नाही.” मलाही होत नव्हता. मी गालाचं आतलं मांस दातांत धरून उभा होतो. सेल्वमनं काचेतून माझ्याकडे पाहिलं, कमी करू का म्हणून. मी म्हटलं, “बाकीच्यांना चालतंय. तुलाही चालेल.”

काम संपलं. सगळे वर चहाला गेले. मी काचेपलीकडे कन्सोलवर बसलो होतो, सेल्वमच्या जागी. मला चहा नको होता. वसुधा आतच राहिली. जाड पडद्यामागे, भिंतीला टेकून बसली असावी. मला दिसत नव्हती. समोर रथोत्सवाचं चित्र गोठून राहिलं होतं, शेकडो उघडी तोंडं. आणि माइक चालू होता.

त्यातून एक आवाज येऊ लागला. घशात दाबलेला, एका सुरातला. मधे दातांतून आत घेतलेला श्वास, मग पुन्हा तोच सूर. शेवटी किंचित वर जाऊन तुटणारा. खोलीत दिसत कुणीच नव्हतं.

मी तो लगेच ओळखला. लहानपणी मी अगदी तोच आवाज काढायचो, तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात तोंड घालून. घरी पाहुणे आले, बोलणी वाढली, की डब्यापाशी जायचो. डबा माझ्याबरोबर घुमायचा आणि जग पुन्हा जागेवर यायचं. वडिलांनी ती सवय माझ्याकडून सोडवली. कशी, ते लिहीत नाही. मला वाटत होतं तो आवाज जगात फक्त मी काढला आणि मग तो संपला. आता तो काचेपलीकडून, दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून येत होता.

मी उठून दार वाजवायला हवं होतं. निदान माइक बंद करायचा. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. का, याची कारणं मी पुष्कळ शोधली. धंद्याची सवय, हे खरं. चांगला आवाज कानी पडला की हात जातोच. पण त्याहून खरं हे की मला तो पुन्हा ऐकायचा होता.

काही महिन्यांनी एक भुताचा सिनेमा आला. नऊवारी नेसलेल्या म्हातारीचं भूत. दिग्दर्शक तरुण होता, हट्टी. म्हणाला, “किंचाळी नको सार, किंचाळ्या सगळ्यांकडे असतात. घरात कुणीतरी आहे आणि त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही, असं वाटलं पाहिजे.” मी तो आवाज लावला. पहिल्या श्वासालाच त्यानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

“कोण आहे ही?”

“कुणी नाही. मशीनवर बनवलाय,” मी म्हणालो.

सिनेमा चालला. आवाज त्याहून जास्त चालला. इकडे नऊवारीतल्या वयस्क बाईला म्हणतात तसं सेल्वमनं त्याला ‘मामी’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव साऱ्या कोडंबाक्कममध्ये रुळलं. कुठल्याही मालिकेत रिकामं घर दिसलं की, “सार, मामी द्या की!” मी देत गेलो. तेलुगूत गेली, कन्नडमध्ये गेली. लोकांनी फोनची रिंग म्हणून लावली. मला आनंद झाला हेही लिहिलं पाहिजे. आयुष्यभर दुसऱ्यांचे चढउतार उसने घेतलेल्या माणसाच्या हातून एक आवाज सगळीकडे पोचला होता.

वसुधा सिनेमे, मालिका पाहत नसे आणि रस्त्यात कानांत बोळे घालून चालायची. थिएटर तिला झेपत नाही. म्हणून माझं दोनेक वर्षं निभावलं.

मग त्याच दिग्दर्शकाचा पुढचा भाग आला. दृश्य असं: मामीचा आवाज येतो आणि सगळं गाव घाबरून पळतं. गाव म्हणजे आम्ही. कानात मामी वाजणार आणि आम्ही किंचाळायचं. मला हे सकाळपासून दिसत होतं. वसुधाला आज येऊ नको म्हणून एक फोन करता आला असता. मी केला नाही; कारण काय सांगायचं?

सेल्वमनं चित्र सुरू केलं. आवाज आला. पद्मा अक्का किंचाळल्या, बाकीचे किंचाळले, मीही. वसुधा गप्प होती. तिनं हेडफोन काढला, हातात धरून उलटसुलट करून पाहिला, जणू आत कुणी आहे. मग परत कानाला लावला. “पुन्हा लावा,” ती म्हणाली. सेल्वमनं लावला. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“सर, ही मी आहे.”

“काय?”

“हा माझा आवाज आहे. रथाच्या दिवशी, तुम्ही सगळे चहाला गेला होता तेव्हाचा. मागे एसी ऐकू येतोय, तेव्हा तो टकटक करायचा. तुम्ही हा कुठून आणलात?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. तेव्हा माझ्या आत काय होतं ते सांगतो, कारण बाहेर काहीच दिसलं नसणार. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: हा कसला आवाज आहे, ही असा का काढते? आणि त्याच्या पुढचा: सार, तुम्हाला कसं कळलं हा काय आहे ते? मी श्वास घेतला आणि हसलो.

“वसुधा, तो मशीनचा आहे. तुला काय, प्रत्येक भुताचा आवाज स्वतःचाच वाटतो का?”

सेल्वम खो खो हसला. “पापा, मग तुझ्यासारख्या भुतासोबत आवडीच्या ट्रेननं कोण जाणार आता?” पद्मा अक्काही हसल्या. खोलीच्या कापडानं ते हसू पिऊन टाकलं, नेहमीसारखं.

वसुधानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ती चेहरे वाचू शकत नाही, हे तिनं आम्हाला आधीच सांगितलं होतं. जे असेल ते बोलून सांगा म्हणाली होती. मी बोलून सांगितलं होतं. “मग मला चुकीचं ऐकू आलं असेल,” ती म्हणाली. हेडफोन स्टँडवर ठेवला, पिशवी घेतली आणि जिना चढून गेली. पुन्हा आली नाही.

महिन्याभरानं तिच्या आईचा फोन आला. “साहेब, तिकडे काही झालं का? ती हल्ली तो आवाज काढत नाही. त्रास झाला की काढायची, लहानपणापासून. आधी आम्हाला वाटलं, बरं झालं, सुटली सवय. पण आता त्रास झाला की नुसती बसून राहते, तासन्‌तास. आणि विचारते, आई, आत्ता कुकरची शिट्टी झाली का, की मलाच वाटलं? दाराची बेल वाजली का? सारखी. हिचे कान कधी चुकायचे नाहीत हो.”

मी म्हणालो, “कामाचा ताण असेल. विश्रांती घेऊ द्या.”

बाईंनी माझे आभार मानले.

त्यानंतर तो आवाज माझ्यामागे लागला, असं लिहिलं तर खोटं होईल. आवाज आपल्या वाटेनं जात होता, मी वाटेत होतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये दुपारच्या मालिकेत तो भिंतीतून यायचा. मांबलम स्टेशनच्या पुलावर कुणाच्या तरी खिशात वाजायचा आणि पुढची चार माणसं हसून मागे बघायची. आमच्या इमारतीतली मुलं जिन्यात लपून तो काढायची आणि खालून येणाऱ्यांना घाबरवायची. हुबेहूब. मधला श्वास, शेवटचं तुटणं, सगळं. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या गळ्यातून मी तो ऐकत जिना चढायचो. एकदा मी दटावलं तर एक जण म्हणाला, “अंकल, आम्ही नाही, आम्ही तर खेळून आत्ता आलो.” बाकीची खुदकन हसली. पण आवाज आला होता त्या वरच्या टप्प्यावर खरंच कुणी नव्हतं.

मग एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर माझी बायको ललिता स्वयंपाकघराच्या दारात झारा धरून उभी. चेहरा उतरलेला.

“आत कोण होतं?”

“मीच. कोण असणार?”

“मामीचा आवाज येत होता. आतून. बराच वेळ.” ती झारा खाली ठेवेना. “आजचं नाही हे. गेल्या महिन्यापासून ऐकतेय. मला वाटलं शेजारचा टीव्ही. आज तो बंद आहे.”

मला काही आठवत नव्हतं. पाण्याच्या आवाजाखाली, वडिलांनी सोडवलेला तो आवाज माझ्या घशात परत आला होता आणि मला ऐकू आला नव्हता.

ललितानंच मला एग्मोरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बऱ्याच भेटी झाल्या, प्रश्न झाले, आत्यालाही फोन करून माझं लहानपण विचारलं. शेवटी बाईंनी सांगितलं, मलाही ऑटिझम आहे; वसुधानं तो पहिल्या तासात ऐकला होता. पन्नाशी उलटल्यावर मला माझं नाव कळावं तसं वाटलं. मी रडलो, ललितानं पाठीवर हात ठेवला. आणि परत येताना गाडीत मी काय केलं सांगू? मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकलं. बिचारा, याला तरी कुठे माहीत होतं!

ही माफी दोन-तीन आठवडे टिकली. मग मी पद्मा अक्कांना सगळं सांगितलं, खरं तर अजून थोडी सहानुभूती मिळेल म्हणून. अक्का आता सत्तरीला आल्या, गुडघ्यांनी काम सोडलंय. मला त्या तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ.

“तंबी, त्या दिवशी मी पण हसले होते.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, अक्का.”

“मला नव्हतं. तुला होतं.” मग म्हणाल्या, “आणि मला कशाला सांगतोस? आवडीची गाडी बंद पडली का?”

आवडीला गेलो. वसुधाचे वडील निवृत्त झाले होते, क्वार्टर्स सोडून स्टेशनजवळ घर घेतलं होतं. दार आईनं उघडलं. त्यांना मी आधी फोनवर सगळं खरं सांगितलं होतं. या खेपेला त्यांनी आभार मानले नाहीत. “आत आहे,” एवढंच म्हणाल्या.

वसुधा कॉम्प्युटरसमोर पाठमोरी बसली होती. ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी सिनेमांखाली ओळी लिहायचं काम ती घरून करते: दार वाजतं, कुत्रा भुंकतो, दूरवर गर्दी. ती वळली नाही. म्हणाली, “मामी पुष्कळ सिनेमांत येते. तिथे ‘भुताचा आवाज’ लिहायचं असतं. मी ती जागा रिकामी सोडते. ते परत पाठवतात, मी परत रिकामी सोडते. मला तिथे काय आहे ते नक्की माहीत नव्हतं.”

मी घरून तयारी करून गेलो होतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज भरून येऊ द्यायचा, सगळं. सुरुवात केली, “वसुधा, आज मी फार जड मनानं—”

“सर, तो डबिंगचा आवाज नको.”

मी थांबलो. दुसरा आवाज शोधायला वेळ लागला. मग भिंतीकडे पाहत, जसा निघाला तसा बोललो. सपाट. मला स्वतःला तो परका वाटत होता. तुझा कान बरोबर होता, मी खोटं बोललो, असं सांगितलं.

“तुम्ही सगळ्यांसमोर खोटं बोललात,” ती म्हणाली. “हे मला एकटीला सांगून कसं चालेल?”

मग तिथेच फोन लावले. आधी पद्मा अक्का, मग सेल्वम, एकाच कॉलवर, स्पीकर सुरू करून. सेल्वम कुठल्या तरी बसमध्ये होता. “सार, ऐकू येत नाही, नंतर करू का?” अक्का म्हणाल्या, “डेय, उतर खाली आणि ऐक.” तो उतरला असावा, कारण मागचा गलका थांबला.

मी तमिळमध्ये सांगितलं. मामी वसुधा आहे. रथाच्या दिवशी मी तिचा आवाज चोरून घेतला, आणि ती म्हणाली तेव्हा मी खोटं बोललो. “पण,” मी म्हणालो, “मलाही तेव्हा माहीत नव्हतं की मी स्वतःसुद्धा तिच्यासारखाच—”

“ते वेगळं सांगा,” वसुधा म्हणाली. ती आता वळली होती. “ते खरं असेल. मला नंतर ऐकायचंय. माफीत नका घालू.”

“मामी सगळ्या सिनेमांतून काढता येईल?” तिनं विचारलं.

“नाही. आमच्याकडची पुसली. बाहेर गेलेली परत येणार नाही.”

“बरं. आता पुन्हा सांगा. ‘पण’शिवाय. मराठीत चालेल, मी त्यांना तमिळमध्ये सांगेन.”

मी पुन्हा सांगितलं. म्हणालो, “वसुधा, तुला बरोबर ऐकू आलं होतं. तो आवाज तुझा होता. तू एकटी असताना मी तो तुला न विचारता घेतला, भूत म्हणून लोकांना ऐकवला, आणि तू ओळखलास तेव्हा सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. त्यामुळे तू स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवेनाशी झालीस. हे मी केलं. मी तुझी माफी मागतो.”